आईच्या निळ्या खुंट्या

आता विमानाच्या वाटेवरही विजेचे दिवे आलेत. आई होती तेव्हा आमच्या विमानतळाला दिवे फक्त धावपट्टीवर. तिथून शेडपर्यंतच्या वाटेला दोन्ही कडांनी गुडघाभर उंचीच्या निळ्या खुंट्या रोवलेल्या, वर चकाकणारी पट्टी. विमानाच्या दिव्याचा झोत पडला की त्या उजळायच्या आणि वैमानिकाला वाट कळायची. त्या पुसायचं काम आईचं.

दुपार कलली की ती बादली-फडकं घेऊन निघायची. बाबा तिथंच ट्रॅक्टरनं गवत कापायचे. "निघाल्या बाईसाहेब, लेकरांची तोंडं धुवायला!"

"तुम्ही आडवी पाडता त्या लेकरांना. उभी कोण करणार?" यावर बाबा ट्रॅक्टर पुढं काढायचे.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. टपालाचं विमान चालवणारे कॅप्टनकाका अंधार पडल्यावर आमच्याकडे चहाला थांबले होते. म्हणाले, "वहिनी, काल खुंट्या काय झळकत होत्या!"

"झळकत असतील. मी कुठं बघितल्यात?"

"म्हणजे?"

"शेडच्या दारातून काळोखच दिसतो की."

काकांनी कप खाली ठेवला. त्या पट्टीवरचा उजेड आला तिकडंच परत फिरतो, म्हणून तो झोतामागं बसलेल्यालाच दिसतो. हे त्यांना ठाऊक होतं, पण पुसणारीनं ते कधीच पाहिलं नसेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"उठा," ते म्हणाले. "विमान शेडमध्ये आणायचंच आहे."

आईनं बरेच आढेवेढे घेतले. शेवटी बाबांनीच तिला हात देऊन विमानात चढवलं. मी मागं टपालाच्या पोत्यांवर बसले.

काकांनी झोत सोडला. काळोखात एक निळा ठिपका उमटला, मग दुसरा, मग दोन रांगा लांबवर उजळत गेल्या. आई पुढं झुकून बघू लागली. मी वाकून पाहिलं, तर तिचे डोळे भरून आलेले.

"ती तिसरी मळकी राहिलीय," ती कशीबशी म्हणाली.

"दिसतेय की छान!"

"नाही हो, मळकीच आहे." आणि मग, लाजत, "परत एकदा नेता का?"

काकांनी विमान वळवलं.

त्या रात्री जेवताना आई बाबांना सगळं सांगत राहिली. बाबा ऐकत होते, मधूनच "अगं, जेव आधी" म्हणत होते. तिचं ताट तसंच गार होत गेलं.