पहिल्या आठवड्यातला निकाल

गणिताच्या मास्तरांना चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाच गोष्टीचा फार अभिमान होता. कुणाला गणित येणार आणि कुणाला नाही, हे ते शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच सांगत. "गणित रक्तात असावं लागतं," असं म्हणून ते बिनरक्ताच्या पोरांना मागच्या बाकांवर धाडत आणि मग वर्षभर तिकडे फिरकत नसत. शेवटी मागचे बाक नापास झाले, की भाकीत खरं ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नसे.

निवृत्तीनंतर गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. तलावावर शिकवायला कोण, तर त्याच मागच्या बाकांवरची एक मुलगी, आता चाळिशीची. तिने मास्तरांना लगेच ओळखलं. मास्तरांनी तिला ओळखायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा तरी कुठे पाहिलं होतं?

चार दिवस मास्तर कठड्याला पालीसारखे चिकटून राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी निकाल जाहीर केला. "बाई, पोहणं माझ्या रक्तातच नाही."

"रक्त राहू द्या सर, पाय हलवा."

पाय हलले. नाकातोंडात पाणी गेलं. "गुडघा वाकतोय, पुन्हा," एवढंच ती रोज म्हणत राहिली. तीन महिन्यांनी मास्तरांनी तलावाची रुंदी पार केली. बघणाऱ्याला वाटलं, कुणीतरी बुडतंय.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "मुळात अंगातच होतं माझ्या."

"हो ना! म्हणून तर तीन महिने रोज तुमचे टॉवेल वाळत घालतेय मी."

दुसऱ्या दिवशी बाई पाण्यात टाकायच्या औषधाचं प्रमाण वहीत काढत होती. मास्तरांनी सवयीने डोकावून पाहिलं. चूक सापडेना.

"छान गणित आहे तुमचं. कुठे शिकलात?"

"तुमच्या वर्गात नापास झाले, सर. मग बाहेरून परीक्षेला बसले. चौथ्यांदा सुटलं."

मास्तरांचा चेहरा उतरला. "कुठल्या बाकावर होतीस?"

"मागच्या."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

"आज काय करायचं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"आज श्वास. चुकेल तुमचा. सगळ्यांचाच चुकतो."

मास्तर मुकाट्याने पाण्यात उतरले.