सहा आखूड प्लग

"साल कुठलं म्हणालात?" टॅमीनं विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर," आर्डिस म्हणाली. "सहा सिलिंडर. गाडीचे कागद आणलेत मी. ग्लेन सकाळपासून स्टार्टर मारतोय, नुसती खोकते आणि बंद पडते. प्लग गेलेत म्हणतो."

वेंडेल मागच्या रॅकच्या आडोशाला, फॅनबेल्टांच्या रांगेत उभा होता. आर्डिस गाडीतून उतरताना त्याला काचेतून दिसली होती आणि सदुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ, अडतीस वर्षं या स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर घालवलेला, शाळकरी पोरासारखा मागे पळाला होता. मंगळवारी तिचा नवरा लायल गेला. गावभर लोक हॅमचे नि बटाट्यांचे डबे घेऊन आर्डिसच्या घरी जाऊन आले. वेंडेल गेला नव्हता. कुठल्या तोंडानं जाणार?

"उद्या दहाला चर्चमधून निघायचंय," आर्डिस सांगत होती. "त्याची एकच मागणी होती. शववाहिका नको, माझ्या पिकअपवरून न्या. वर्षभर गाडी हलली नाही, तो खाटेवर होता तर कोण हलवणार! आता ती पेटायला हवी, बाई."

"पेटेल की. हे घ्या," टॅमी कॉम्प्युटरवरचा नंबर पुटपुटत कपाटाकडे वळली आणि सहा प्लग काउंटरवर मांडून मोकळी झाली. "पुस्तकात हाच नंबर आहे."

पुस्तकात तोच नंबर होता आणि पुस्तक त्या गाडीपुरतं साफ खोटं होतं. एक्याण्णव साली लायलच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, तडकलं होतं. तेव्हा धान्य वाहणाऱ्या एका जुन्या ट्रकचं हेड काढून लायल आणि वेंडेल या दोघा मित्रांनी ते तीन दिवस खपून बसवलं होतं. त्या हेडला आखूड प्लग लागत. आटे सारखेच, त्यामुळे लांब प्लगही गुमान आत बसला असता आणि पहिल्या फेऱ्यालाच पिस्टनवर आपटला असता. ही गोष्ट जगात दोघांना ठाऊक होती. त्यातला एक उद्या दहाला निघणार होता.

वेंडेलनं स्वतःला बजावलं, गप्प राहा. मग त्याच्या डोळ्यांसमोर भर रस्त्यात बंद पडलेली गाडी आली, मागे शवपेटी, बाजूला हतबल उभी आर्डिस. तो बाहेर आला.

"ते नाही चालायचे," तो म्हणाला.

टॅमी दचकली. "अहो, कॉम्प्युटर म्हणतोय—"

"कॉम्प्युटरनं हेड बसवलं नव्हतं."

आर्डिसला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. "तू मागे आहेस हे कळलं होतं मला. बेल्टांच्या वरून टोपी दिसत होती तुझी."

वेंडेलनं काउंटरखालचा सगळ्यात तळचा खण ओढला, त्यातून दोऱ्यानं बांधलेलं एक खोकं काढलं. सहा आखूड प्लग, प्रत्येकाला वायसर, कोरे करकरीत.

"हे!" टॅमी ओरडली. "अहो, हे मी दर जानेवारीत परत पाठवायच्या यादीत घालते! आणि दर जानेवारीत तुम्ही सांगता, सापडत नाहीत!"

"सापडले आता," वेंडेल म्हणाला. "मी जातो हिच्याबरोबर. दुकान तू बघ."

अकरा वर्षं ते खोकं त्या खणात होतं. अख्ख्या तालुक्यात ते प्लग लागणारं इंजिन एकच, आणि ते ज्याचं, तो अकरा वर्षांत दुकानात फिरकला नव्हता. त्याला कारणही तसंच होतं. वेंडेलची बायको मर्ना गेली, तेव्हा तिची कुत्री ट्रिक्सी मागे राहिली. मर्नाच्या सपातांवर डोकं ठेवून झोपायची. आठ महिन्यांनी लायल वेंडेलच्या घरी सरपण टाकायला आला आणि पिकअप मागे घेताना ट्रिक्सी चाकाखाली आली. त्यानं तिला स्वतःच्या कोटात गुंडाळलं आणि थेट दुकानात आणलं. काउंटरसमोर उभा राहून एवढा दांडगा माणूस हमसाहमशी रडला. आणि वेंडेल, ज्याला त्या घटकेला काहीच सुचत नव्हतं, तो म्हणाला, "पुन्हा माझ्या काउंटरसमोर उभा राहू नकोस."

आठवड्याभरात राग ओसरला. पण शब्द मागे घ्यायला जावं तर पाय उचलेना. वेंडेलनं स्वतःची समजूत घातली की प्लग संपले की येईलच झक मारत. तेव्हा बोलू.

शेतावरच्या गॅरेजात आर्डिसचा भाऊ ग्लेन हात पुसत बाजूला झाला. वेंडेलनं बॉनेट उघडलं, जुने प्लग एकेक करून काढले आणि सवयीनं अंड्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्यात ओळीनं लावले. पहिल्या सिलिंडरचा पहिल्या खळग्यात, सहाव्याचा सहाव्यात. पाच भुरे, निरोगी. सहावा तेलानं काळा, ओला. पण त्याला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीनं. सहाही आखूड होते. नेमका तोच नंबर.

"हे कुणी घातले?"

"त्यानंच. दुसरं कोण घालणार?" आर्डिस म्हणाली. "साठ मैलांवरून आणायचा. मी म्हणायची, अरे, गावात दुकान आहे, जा की त्याच्याकडे. म्हणायचा, वेंडेलनं सांगितलंय उभा राहू नको, मग कसा राहू? त्याचं दुकान, त्याचा शब्द."

"आणि नंबर? नंबर कसा ठाऊक त्याला? त्याला स्वतःचा फोन नंबर आठवत नव्हता कधी."

वेंडेलनं नवे प्लग घेतले, पट्टी सरकवून एकेकाची फट तपासली, हातानं हळूच आटे लावून मग पान्यानं आवळले. किल्ली कुठाय म्हणून विचारलं. "तिथंच, काचेवरच्या उन्हाच्या झापेत," आर्डिस म्हणाली. त्यानं गाडीत बसून झाप खाली ओढली. किल्ली मांडीवर पडली, आणि तिच्यामागून पुठ्ठ्याचा एक तुकडा.

प्लगच्या जुन्या खोक्याचं झाकण होतं ते. कडा मऊ पडलेल्या, तेलकट बोटांनी हाताळून काळपट झालेलं. त्यावर पेन्सिलीनं नंबर, खाली लिहिलेलं, 'गॅप पस्तीस', आणि त्याखाली, 'विसरू नकोस, गाढवा.' अक्षर वेंडेलचं होतं.

दर खेपेला लायल साठ मैल जायचा आणि परक्या काउंटरवर हे झाकण पुढे करायचा. अकरा वर्षं. इकडे वेंडेल खण ओढून खोकं बघत बसायचा आणि तिकडे लायल गाडीत त्याचं अक्षर घेऊन फिरायचा. वेंडेलनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि त्याला रडू फुटलं.

"तो शब्द मनापासून नव्हता गं," तो कसाबसा म्हणाला.

"ठाऊक होतं त्याला," आर्डिस म्हणाली. "पण तू बोलावशील म्हणून वाट बघत होता. शेवटी शेवटी बाहेर गाडी वाजली की विचारायचा, वेंडेल का?"

ग्लेन उगीचच दाराबाहेर जाऊन उभा राहिला. वेंडेलनं डोळे पुसले आणि किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा धरलं, आणि सहाही सिलिंडर एका लयीत चालू झाले.

"उद्या तूच चालव," आर्डिस म्हणाली. "ग्लेनला तिचा क्लच समजत नाही."

दुसऱ्या दिवशी चर्चकडून दफनभूमीकडे जाताना वाटेत दुकान लागलं. टॅमी दारात येऊन उभी होती, हात छातीशी धरून. तिच्यामागे काचेतून काउंटर दिसत होता, रिकामा. वेंडेलचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. मागची गाड्यांची रांगही थांबली, कुणी हॉर्न वाजवला नाही.

त्यानं पाठीमागची, शवपेटीच्या बाजूची छोटी काच सरकवली.

"लायल, दुकान आलं," तो म्हणाला. "ये."

इंजिन संथ चाललं होतं. माणसाला उतरून, आत जाऊन, सहा प्लग घेऊन, दोन शब्द बोलून परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो थांबला. मग काच लावून घेतली आणि गिअर टाकला.