बारा ते दोनचा पहारा

सप्ताहाच्या पहाऱ्यांची यादी आमच्या घरी फळ्यावर लिहिली जाई. नानाजी लिहीत, म्हणजे माझे वडील. अल्लीपूरच्या दत्ताच्या देवळात दत्तजयंतीआधी सात दिवस नामस्मरण चालतं, आणि त्या सात दिवसांत वीणा खाली टेकत नाही. एकजण तासभर गळ्यात वीणा घेऊन उभा राहतो. तास भरला की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. धाकटा-मोठा पाहायचा नाही, दोघांनीही वाकायचं.

नानाजी गेल्यावर फळा माझ्याकडे आला. माझं दुकान कापडाचं, पण जीव कीर्तनात. बुवांनी आख्यान रंगवलं की वाटे, हा आवाज धरून ठेवता आला तर! म्हणून त्र्याऐंशी साली मी वर्ध्याहून टेपरेकॉर्डर आणला. बुवांचं एक कीर्तन भरून त्यांनाच ऐकवलं. कान देऊन ऐकलं त्यांनी आणि म्हणाले, "हा बुवा बरा गातो बाप्पा."

त्या वर्षी कापूस भरभरून फुटला होता. सप्ताहाचे कारभारी प्रभाकरराव म्हणाले, "बंडूजी, बारा ते दोन वेचणी सोडून कोन येईन? गावातल्याच भजन्याईचा आवाज भरा अन् द्या लावून भोंग्यावर."

मला ते इतकं पटलं की फळ्यावरची दोन नावं मीच पुसली आणि तिथे लिहिलं, 'मशीन'.

पहिल्या दिवशी टेपनं एक ताल चुकवला नाही. बारा ते दोन वीणा खुंटीला होती, आणि आमच्या गावाचा आवाज नाल्यापलीकडच्या वावरांपर्यंत जात होता. मी दुकानाच्या दारात छाती काढून उभा.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई आल्या. पुसलेल्या दोन नावांपैकी रूपरावांच्या त्या घरच्या.

"बंडूजी, आमच्या घरच्याईचं नाव काऊन पुसलं?"

"त्याईले आराम भेटला न, वहिनी. वेचणी सोडून यावं लागत होतं."

"आराम कोनं मांगतला होता?" त्या पायरीवर बसल्या. "अकरा वर्सं झाले, भाऊ भावाशी बोलत नाई. साऱ्या वर्सात ह्याच सात दिवसाईत दोघं येकमेकाच्या पाया पडत. तुमच्या त्या मशीनीले पाय आहेत काय?"

कापड मोजायचा गज मी खाली ठेवला.

दुसरं पुसलेलं नाव महादेवरावांचं, रूपरावांच्या थोरल्या भावाचं. भांडण गावाला ठाऊक होतं. दोघांची विहीर एकच. मोट होती तोवर एकानं बैल हाकायचे, दुसऱ्यानं वाफ्यात पाणी फिरवायचं. एकट्याचं ते काम नव्हतं, म्हणून सकाळी भांडले तरी दुपारी बोलावंच लागे. मग विजेची मोटर आली. एका माणसानं बटण दाबलं की झालं. आधी कोणी दाबायचं, यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की नानाजी दरवर्षी ही दोन नावं एकाखाली एक का लिहीत.

दुकान तसंच टाकून मी देवळात गेलो. टेप चालू होती. आणि तिच्यापुढे, खुंटीवरची वीणा गळ्यात घालून, महादेवराव उभे होते.

"तुमची मशीन वाजू द्या," ते म्हणाले. "पन वीना खुंटीले पाहून काल मले भाकर गोड लागली नाई."

एक वाजला. रूपरावांना काय ठाऊक? फळ्यावर मशीन होतं. दीड वाजला. महादेवराव सत्तरीला टेकलेले, पाय थरथरत होते. टाळ घेऊन बसलेले पुंडलिकराव म्हणाले, "आना इकडे, दादा, मी घेतो."

"नाई."

"अहो, पडून जासान!"

"माह्यानंतर रूपराव आहे."

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव कोणी ऐकलं नव्हतं.

मी टेप बंद केली आणि भोंग्याचा माइक हातात घेतला. "रूपरावजी! जिथं असान तिथून या. तुमचे दादा वीना घेऊन उभे आहेत. दुसऱ्या कोनाले देत नाईत."

नाल्यापलीकडे वेचणाऱ्या बाया ताठ उभ्या राहिल्या असतील. थोड्याच वेळात रूपराव धावत आले, कमरेला कापसाची झोळी तशीच. ते वाकले तसा सगळा कापूस थोरल्याच्या पायांवर सांडला. महादेवरावही वाकले. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली.

"उशीर केला," महादेवराव म्हणाले.

"यादीत मशीन होतं, दादा."

"मंग मशीनले इचारून यायचं होतं काय, येड्या?"

रूपराव रडता रडता हसले, आणि देवळातलं सगळं गाव हसलं.

बटणाची कुरकुर नंतरही चाललीच, पण बोलून. टेपवर मी आजही कीर्तन ऐकतो, तिचे उपकार विसरत नाही. तिच्यासाठी चालू असलेला भोंगा नसता तर त्या दिवशी रूपराव आलेच नसते. पण आमच्या सप्ताहात दोन तास वीणा खुंटीला होती, तो खंड माझ्या नावावर आहे, आणि ते मी लपवत नाही.

पुढच्या वर्षी फळा घेऊन बसलो तर रूपराव आले.

"आमची दोघाईची नावं खडूनं लिहू नका, बंडूजी. पेंटनं लिहा."

त्या फळ्यावर बाकीची नावं दरवर्षी पुसली जातात. बारा ते दोनची दोन तेवढी जशीच्या तशी आहेत. बाहेरगावचा पाहुणा आला की मी आधी देवळात नेऊन तो फळा दाखवतो.