भूकंप थांबवणारी उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे आणि मी एकटीने भूकंप थांबवला आहे. तुमचा विश्वास बसणार नाही. माझा सख्खा अभ्राही हसला होता. पण ऐका तर खरं.

माझा जन्म शिवणकामाच्या एका कारखान्यात, कापायच्या टेबलाखाली झाला. गणवेशांच्या चिंध्या पोटात कोंबून कारखाना सांभाळणाऱ्या मास्तरांनी मला शिवलं. तेव्हा मी इतकी गुबगुबीत होते की मला उचलायला दोन माणसं लागायची. बरं, दीड धरा.

मला जागा मिळाली सुसाटच्या खुर्चीत. मशीनवरच्या वेगामुळे त्या शिवणाऱ्या पोरीला हे नाव पडलेलं. ती कॉलर लावायला बसली की कॉलर पुढे जायची आणि दोरा मागून धापा टाकत यायचा!

एका दुपारी तिचं मशीन मधेच थांबलं. सुसाट ताठ झाली, खाली कोसळली आणि तिचे हातपाय झटके देऊ लागले. मास्तरांनी तिचे दंड दाबून धरले. इस्त्रीवाले काका जेवणाच्या डब्यातला चमचा घेऊन धावले आणि त्यांनी तो तिच्या दातांत घातला. मी खुर्चीत रिकामी पडून होते, माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ती शुद्धीवर आली तेव्हा तिचा पुढचा दात तुटला होता आणि दंड काळेनिळे झाले होते. झटक्यांनी नव्हे, मदतीने!

काही दिवसांनी ती परतली, तर मशीनवर निळं कापड टाकून ठेवलेलं.

“पोरी, तू आता घरी आराम कर,” मास्तर म्हणाले. “तुला काही झालं तर मी काय तोंड दाखवू?”

“आराम करून कंटाळले, मास्तर. डॉक्टर म्हणाले, अपस्मार आहे. मेंदूत थोडा वेळ विजेचा गोंधळ होतो. कुणाला माझ्यापासून लागण होत नाही आणि कुणाचा शापही नाही. गोळ्या रोज घेतेय. मशीनचंही विचारून आलेय. सुईपुढे जाळी बसवा आणि गरम इस्त्रीपाशी मला उभं करू नका.”

“आणि पुन्हा फिट आली तर?”

“तर काय करायचं ते शिकवते. झोपा.”

“कोण, मी?”

“तुम्हीच. पेशंट व्हा.”

मास्तर जमिनीवर आडवे झाले आणि इतक्या मनापासून हातपाय झाडू लागले की काकांना हसू आवरेना. सुसाट मात्र हसली नाही.

“काका, त्यांना धरू नका. कात्री दूर सारा. डोक्याखाली ती उशी घाला. झटके थांबले की कुशीवर वळवा. घड्याळ बघत राहा, पाच मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलवा. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही.”

“आणि चमचा?” मास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं.

“चमचा डब्यात!”

मास्तर कपडे झटकत उठले. “एकदा बघू. पण पुन्हा असाच गोंधळ घातला आपण, तर मशीन बंद ते बंद.”

गणवेशांच्या पुढच्या हंगामात फिट आलीच. काकांनी मला खुर्चीतून ओढून तिच्या डोक्याखाली सरकवलं. मास्तर कात्री लाथेने उडवून घड्याळाकडे डोळे लावून बसले. कुणी तिला दाबलं नाही; झटके थांबताच कुशीवर वळवलं.

बऱ्याच वेळाने सुसाट नीट भानावर आली. जीभ दातांवरून फिरवत तिने विचारलं, “दात?”

“होते तेवढे आहेत,” मास्तर म्हणाले. त्यांनी मशीन झाकायचं ते निळं कापड कपाटातून काढलं, कापलं आणि त्याचा मला नवा अभ्रा शिवला. मशीन झाकायला मग काही उरलंच नाही.

मित्रांनो, आता मी वहीसारखी चपटी झाले आहे. नवा कामगार मला कचऱ्यात टाकायला निघाला होता. असं करू नका. जुनी उशी टाकू नका आणि फिट येते म्हणून कुणाला घरी बसवू नका. त्या दिवशी तिचं डोकं माझ्यावर टेकलं मात्र, मी पोटातल्या सगळ्या चिंध्या आवळल्या आणि तो भूकंप जागच्या जागी...

“खोटं!” वरून आवाज आला. सुसाट माझ्यावरच बसली होती. “फिट आपली आपण थांबली. तू नुसती डोक्याखाली होतीस. तेवढंच हवं होतं. आता गप्प बस, मला कॉलर लावायचीय.”