मशीनची आंघोळ

आवडाबाईंच्या एका शब्दावर कचरू साळवेचं पोट अडकलं होतं, आणि हे आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. उद्या वीज तपासणीवाले साहेब येणार, आवडाबाईंचा जबाब घेणार, आणि त्यावरून ठरणार की कचरूचा वायरमनचा परवाना राहतो का कायमचा जातो. बजाजनगरच्या त्या गल्लीत घरोघरी एक तरी मशीन आहे. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. वाळूजच्या कंपन्यांचे सुटे भाग पोत्यांनी येतात, घरातली माणसं त्यांना भोकं पाडतात, कडा घासतात आणि माघारी पाठवतात. अशा गल्लीत एकजण शॉक लागून गेला की सगळ्यांच्याच वायरी तपासल्या जातात, नोटिसा लागतात. मग कुणाच्या तरी नावानं खडे फोडल्याशिवाय लोकांना करमत नाही. गल्लीनं त्यासाठी कचरूला निवडलं होतं.

गेला तो आवडाबाईंचा माऊली. एकुलता एक.

खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी हत्यारं पुजायची, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. आवडाबाई गावाकडं होत्या तोवर विळा, कोयता, कुऱ्हाड धुऊन पाटावर मांडायच्या. विळ्याला पाणी लागलं तर काय बिघडतंय? पुसला की झालं. पुढं शेती वाट्यानं दिली, लेकानं आयटीआय केलं, त्याच्या मागं त्या शहरात आल्या, आणि पाटावरच्या विळ्याच्या जागी ड्रिल मशीन आली. धुण्याची हौस मात्र जशीच्या तशी आली. माऊली दरसाल मशीनवरून ओलं फडकं फिरवायचा आणि आईची समजूत काढायचा. पण यंदा मशीन नवी होती, मोठी होती, तिची पहिलीच पूजा होती. आवडाबाई म्हणाल्या, पहिल्या पूजेला आंघोळ पाहिजेच. लेक हार आणायला गेला होता तेवढ्यात त्यांनी तांब्या घेतला आणि मशीनला डोक्यावरून न्हाऊ घातलं. अगदी तान्ह्या लेकराला घालतात तसं. काय म्हणावं या माणसाला! पण त्यांच्या मनात पाप नव्हतं, हेही तितकंच खरं.

हळदकुंकू झालं, हार झाला, नारळ फुटला. माऊलीनं बटण दाबलं आणि भिंतीवरचा ट्रिपर खाड्कन पडला. करंट कुठं गळायला लागला की माणसाला झटका बसायच्या आत लाइन पाडतो तो हा डबा. कचरूनंच उन्हाळ्यात मागं लागून बसवायला लावला होता. माऊलीनं तो परत चढवला. परत पडला. मग कचरूला फोन गेला.

कचरू दोन गल्ल्या सोडून राहायचा. सणाचे नवे कपडे अंगावर असतानाच आला, मोटारीचं झाकण उघडलं, बोट फिरवून बघितलं.

"पाणी गेलंय आत. आज चालवू नका. चांगलं ऊन दाखवा, मग मी येऊन तपासतो."

"एकदाच फिरवायची रे," माऊली म्हणाला. "मुहूर्ताला. ट्रिपर जरा बाजूला करून दे."

"ते मी नाय करणार. आणि तू बी हात लावू नको." एवढं बोलून कचरू गेला. प्रसादालासुद्धा थांबला नाही.

आवडाबाईंना ते लई लागलं. "पहिल्या पूजेला मशीन बंद? मग वर्षभर बंदच राहील ती. त्या कचऱ्याचं काय ऐकतो? तू काय कमी शिकलायस का? एकदा फिरव, बाबा. माझ्यासाठी फिरव."

माऊलीनं अर्थिंगची वायर सोडवून बघितली, तरी ट्रिपर पडला. मग त्यानं ट्रिपरच सोडून लाइन सरळ जोडली. बटण दाबलं. मशीन फिरली. आवडाबाईंनी टाळी वाजवली, आणि माऊली हसून मशीनच्या पाया पडला. अनवाणी, ओल्या फरशीवर, दोन्ही हात आणि कपाळ मशीनला टेकवून.

तो उठला नाही.

मंजुषा, माऊलीची बायको, आत पुरण वाटत होती. बाहेर आली तेव्हा आवडाबाई ओरडत होत्या आणि शेजाऱ्यानं मेन पाडला होता. पुढं दवाखाना, पुढं स्मशान, ते सांगण्यात अर्थ नाही. पण तिसऱ्याला राख सावडून माणसं घरी आली आणि मंजुषा पहिल्यांदा बोलली ती हे, "कचरूनं मारलं. तोच उघडून गेला होता." त्याला येताना बघितलेले बरेच होते. जाताना तो काय म्हणाला, ते ऐकलेला बाहेरचा कुणी नव्हता. वायर सरळ जोडलेली, अर्थिंग सुटलेलं, आणि घरात वायरमन येऊन गेलेला. तपासणीवाल्यांनी हिशेब मांडला, कचरूचा परवाना थांबवला. पोलिसांनी बोलावून बसवून ठेवलं ते वेगळंच.

आणि आवडाबाई? आवडाबाई गप राहिल्या. आधी तोंडातून शब्द फुटत नव्हता म्हणून, मग भीतीनं. भीती पोलिसांची नव्हती. गारखेड्याहून मंजुषाच्या माहेरचे तिला न्यायला आले होते, तेव्हा ती उंबऱ्यातच म्हणाली होती, "मी नाय येत. आईंना कोण हाय?" तेव्हापासून दोघी एका ताटात जेवत होत्या. मंजुषा त्यांचे पाय चेपायची, त्या तिची वेणी घालायच्या. माऊली गेल्यावर आवडाबाईंना जगात उरली होती ती ही एक पोर. खरं बोललं तर ती जाणार. म्हणून बाई रोज सकाळी उठायच्या आणि रोज खरं गिळायच्या.

साहेब यायच्या आदल्या दुपारी कचरू आला. मंजुषा दळण आणायला गेलेली. तो दारातच उभा राहिला, आत ये म्हणायचं धाडस आवडाबाईंना झालं नाही.

"मावशी, गल्लीतलं कुणी कामाला हात लावू देत नाय," तो म्हणाला. "पोरीच्या शाळेत बी पोरं तिला बोलतेत. मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाय. जे झालं तेवढंच सांगा."

आवडाबाई पदराचं टोक चावत खाली बघत राहिल्या. कचरू निघून गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पुढच्या खोलीत खुर्ची टाकली. मशीन कोपऱ्यात गोधडीखाली झाकलेली होती. गल्लीतली चार डोकी खिडकीशी जमली, आणि त्यांच्या मागं, रस्त्याच्या कडेला, कचरू. साहेबांनी आधी मंजुषाला विचारलं. तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं, कचरू आला, त्यानं उघडलं, त्यानं जोडलं, तो गेला.

"तुमच्या डोळ्यांनी बघितलं?"

"मी आत होते. पण दुसरं कोण करणार?"

साहेब आवडाबाईंकडं वळले. "आजी, तुम्ही इथंच होता ना? ट्रिपर कुणी काढला?"

आवडाबाईंनी मंजुषाकडं बघितलं. मंजुषा त्यांच्याकडंच बघत होती, डोळ्यांची पापणीही न हलवता. शेवटी बांध फुटावा तसं त्या बोलल्या.

"कचरू नाय म्हणला व्हता, साहेब. हात लावू नको म्हणला आन गेला. माझ्या लेकानं जोडलं. मी जोडायला लावलं. पाणी बी मीच ओतलं व्हतं. त्या माणसाचं काई नाय ह्याच्यात. लेकाला मी मारलं."

साहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. जाताना त्यांनी कचरूला हाक मारून सांगितलं की परवान्याचं आता सुटेल, वर कळवतो. आवडाबाई त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या. कचरूच्या पाया पडायचं त्यांच्या मनात होतं. तो दोन पावलं मागं सरला.

"नका, मावशी. त्या दिवशी मेनचे फ्यूज काढून खिशात घालून न्यायला पायजे होते मी. माऊली मला ओळखत होता, मी त्याला ओळखत होतो. तो आईपुढं ऐकणार नाय, हे मला कळायला पायजे होतं." तो गल्लीकडं न बघता चालू लागला.

आवडाबाई आत आल्या. मंजुषा मागच्या खोलीत कपाटातून साड्या काढून पलंगावर ठेवत होती. गारखेड्याला भावाला फोन करून झाला होता. आवडाबाई भिंतीला धरून खाली बसल्या.

"पोरी, मला शिव्या दे. मार. पण तुला आधी सांगायला पायजे होतं मी. तुला काईच म्हाईत नव्हतं..."

"म्हाईत होतं," मंजुषा म्हणाली.

आवडाबाईंना ते ऐकूनही समजलं नाही.

"दोन खोल्यांचं घर हाय, आई. पुरण वाटताना कान बंद होत नाय माणसाचे. एकदा फिरव, माझ्यासाठी फिरव, सगळं ऐकलं मी. तेव्हाच बाहेर येऊन नको म्हणायला पायजे होतं. पुरण गार झालं तर वाटलं जाणार नाय म्हणून नाय आले." तिनं साडीची घडी मोडली, परत घातली.

"मग त्या गरिबाचं नाव कशाला घेतलंस गं?"

"कुणाचं घेऊ? तुमचं घेतलं असतं तर तुमच्या हातचा घास कसा गिळला असता? सगळं कचरूवर टाकलं की मला तुमच्याकडं बघता येत होतं. लई मोठं पाप होतं ते. रोज कळत होतं मला. पण त्याच्यावरच आपलं घर चाललं होतं."

ती आता रडत होती, आवाज न करता. आवडाबाईंनी हात पुढं केला. मंजुषानं तो क्षणभर धरला आणि हळूच त्यांच्या मांडीवर परत ठेवला.

"तुम्ही चांगलं केलं. त्याचं घर वाचलं," ती म्हणाली. "पण तुम्ही गप राहिला असता ना, आई, तर मी जन्मभर इथंच राहिले असते."