तेरड्याचं शेवटचं बोंड

यंदा गौरीचा तेरडा माळावरून आपल्या पायांनी चालत घरी आला, आणि पाय भामीचे होते. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. ती दहा वर्षांची असताना त्यावर मीच वरवंटा टाकला होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

सून हळदकुंकू घेऊन उंबऱ्याशी उभी होती. रीतीप्रमाणे तिनं विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

"बिननखाच्या," मी म्हटलं.

"आई, नीट सांगा हो."

"नीटच सांगतेय."

भामी माझी लहानपणची मैत्रीण. माझ्या वडलांनी आणलेलं गोष्टीचं पुस्तक आम्ही माळावर, तेरड्यात पालथ्या पडून वाचायचो. घरच्यांना वाटायचं, पोरी शेळ्या राखतायत. गोष्टीतली पोरगी मैत्रिणीच्या हातात दोर देऊन विहिरीत उतरते. पुढचं, शेवटचं पान भामीनं आधी वाचलं आणि फाडलं. घरी आल्यावर मी तिच्या पायावर वरवंटा टाकला. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. माझा राग बासष्ट वर्षं टिकला. दोन वर्षांमागं भामी गेली, तर मी तिच्या मातीलासुद्धा गेले नाही.

सुनेनं तिला पाटावर बसवलं.

"गोदे, पाणी दे गं," भामी म्हणाली.

"आधी पान दे."

"मरून आलेय मी."

"मग येताना आणायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी घरात पुरणपोळी होती. मी भामीपुढं कालची भाकरी ठेवली. तिनं मुकाट खाल्ली आणि तिच्या अंगाला बोंडं धरली. मी एक चिमटीत धरलं. तटकन फुटलं. बियांऐवजी अक्षरं उडाली: 'पाणी गार होतं.' ती जमिनीवर पडली तिथं लगेच कमरेएवढा तेरडा उगवला. मी दुसरं फोडलं. 'वर मैत्रीण दोर धरून उभी होती.' मग मी थांबलेच नाही. संध्याकाळपर्यंत माजघर इतकं भरलं की सून चुलीकडं आडवी होऊन जायला लागली.

"आई, पुरे की आता."

"गप गं. गोष्ट संपत आलीय."

तिसऱ्या दिवशी दार वीतभर रुंद राहिलं होतं आणि बोंड एकच. ते भामीच्या मुठीत.

"नको फोडू, गोदे. तू रडशील म्हणूनच फाडलं होतं पान."

"रडायचं की नाही ते माझं मी बघितलं असतं. तू कोण ठरवणारी?"

"कोण ते तूच सांग."

मी तिची बोटं उलगडून बोंड काढून घेतलं.

आमच्याकडं गौर विहिरीत बोळवतात. त्या वीतभर दारातून आम्ही तिघी एकेक करून बाहेर पडलो. सुनेनं भामीला पाण्यात सोडलं. ती खाली खाली जायला लागली, तशी तिची मुळं लांबत गेली, एकमेकांत वळत दोराएवढी जाड झाली. टोक माझ्या उजव्या हातात होतं. डाव्या हातात बोंड.

खालून भामी म्हणाली, "पाणी गार आहे गं."

"आई, सोडा आता," सून म्हणाली. "मागं न बघता घरी जायचं असतं."

दोराला ओढ बसली. मी दोन्ही मुठी आवळल्या. डाव्या मुठीत बोंड तटतटलं.