फळाला पडलेलं भोक

आमच्याकडे नव्या झाडाचं पहिलं फळ आधी देवापुढे जातं, मग घरच्यांच्या तोंडात. यंदा श्रावणात वडनेरच्या आमच्या वावरातल्या ॲव्होकाडोला पहिल्यांदाच नऊ फळं लागली. आमच्या ह्यांनी, रंगरावांनी, ती उतरवून आणली. दगडासारखी घट्ट. ठेवून ठेवून मऊ होतात म्हणे. मग मी ती देवघराच्या कोनाड्यात मांडली. पिकतील आणि देवाच्या नजरेखालीही राहतील.

श्रावणभर माझं मौन असतं, सकाळच्या आंघोळीपासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत. घरात कुणाला त्याचं दुःख नाही.

सहा दिवसांत सहा फळं काळी पडली. तेवढ्यात वैष्णवी सुट्टीला आली. लेक शेतकी कॉलेजात शिकते. तिनं चांगली तीन फळं बाजूला काढली, काळ्यांच्या फोडी करून माझ्या पोह्यांच्या डब्यात ओल्या कागदावर मांडल्या आणि झाकणावर चिठ्ठी लावली: 'हात लावू नये.' एक काळं फळ तेवढं तिनं आख्खं ठेवलं. बुरशी वाढवायला डबा देणारी वडनेरात मी एकटीच असेन.

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता तिनं डबा उघडला. फोडींवर राखाडी लव आणि तिच्यावर नारिंगी थेंब. मोबाईलला भिंग लावून ती बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा, सापडली! कोलेटोट्रायकम. करप्याची बुरशी हाय."

"नाव त मोठ्या घरचं दिसते," हे म्हणाले. "पण आपल्याच घरी काऊन आली?"

"थांबा." तिनं आख्ख्या फळावरची काळी साल सुरीनं खरवडली. "इथं भोक हाय. फोडींतबी होतं. एका फळाले एकच भोक, सारी सारख्याच मापाची. कोणती तरी अळी पोखरते. अन् मोठी शिस्तीची हाय बाबा! डाग पाह्यले त रोज एकच फळ धरलं तिनं. जसं काही व्रतच घेतलं."

माझ्या हातातली जपमाळ थांबली.

"बुरशीबी अन् अळीबी!" हे उठले. "उद्या माह्या संत्र्यात शिरली मंजे? झाडच तोडतो." कोपऱ्यातली कुऱ्हाड त्यांनी खांद्यावर घेतली.

तीन वर्षं मी त्या झाडाला घागरीनं पाणी घातलं होतं. आणि मौन सुटायला दोन तास होते.

मी देवाकडे बोट दाखवलं. मग स्वतःकडे. मग बोट हवेत टोचून दाखवलं.

"पाह्य," हे वैष्णवीला म्हणाले, "देवाचीच मर्जी हाय म्हणते. तुह्या आईलेबी पटलं."

मी दोन्ही हात जोरात हलवले.

"हो हो, दोन्ही हातांनी तोडतो."

ते उंबऱ्यापर्यंत पोचले तशी मी धावले. देवघरातून एक कोरी उदबत्ती आणली आणि त्या फळाच्या भोकात खोचली. अशी ताठ उभी राहिली, की तिच्यासाठीच केलेलं भोक असावं.

हे कुऱ्हाडीसकट मागे वळले.

"आई," वैष्णवी हळूच म्हणाली, "अळी तू हायेस काय?"

मी मान खाली घातली. माझं उदबत्तीचं घर मोडलं होतं. केळ्यात खोचावी तर केळी मऊ. ही फळं कशी घट्ट! एकदा टोचलेलं परत नको म्हणून रोज नवं घेतलं आणि ह्यांना दिसू नये म्हणून भोक भिंतीकडे फिरवून ठेवलं. काळं पडलं ते हवेनं, असं मी मनाला सांगत होते.

वैष्णवी हसून हसून खाली बसली. मग तिनं समजावलं. बुरशी फळाच्या सालीत झाडावरच दबून बसलेली असते. भोकानं तिला दार मिळालं. न टोचलेली तिन्ही फळं अजून स्वच्छ होती.

"कुऱ्हाड ठेवा बाबा. कात्रीनं वाळल्या काड्या छाटा, बुरशी तिथंच राह्यते."

दुपारी त्या तिनातलं एक मऊ फळ साखर घालून देवाला दाखवलं. मौन सुटलं.

"आई, कॉलेजच्या अहवालात लिहायचं हाय, इजा कशानं झाली?"

"खरं तेच लिही बाई. फक्त माझं नाव नको."

तिनं लिहिलं: 'धार्मिक कारणास्तव बारीक काडीने टोचल्यामुळे.'

ह्यांनी प्रसादाची फोड तोंडात टाकली. बराच वेळ घोळवली.

"ना गोड, ना आंबट. साबण खाल्ल्यावानी लागते. याच्यासाठी झाड वाचवलं काय वं?"

मौन सुटलं होतं, तरी मी काही बोलले नाही.